बाहेरचा प्रेक्षक

पडद्याच्या दोरीला हात लागला आणि मुख्याध्यापक धावत रंगमंचामागे आले. नाटकाचे लेखक फाटकात उभे आहेत, असं त्यांनी धापा टाकत सांगितलं.

नाटक बसवणाऱ्या दिव्यानीबाईंच्या हातातली पावडरची डबी तशीच राहिली. मुखरू भोयर हे नाव सावली तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं. न विचारता त्यांची नाटकं लावणाऱ्या दोन मंडळांना त्यांनी कोर्टाची पायरी चढायला लावली होती. बाईंनीही विचारलं नव्हतं. शाळेच्या कपाटात पुस्तक सापडलं, मुलांनी वाचता वाचताच भूमिका वाटून घेतल्या आणि महिनाभर वर्गात दुसरा विषय नव्हता. सातवीतली करिश्मा तर पाटलिणीच्या नऊवारीत सकाळपासून जेवलीही नव्हती.

नाटक बंद करावं लागलं तर मुलांना आपणच सांगायचं, असं ठरवत बाई फाटकाकडे गेल्या.

साठीचे मुखरूभाऊ मोटारसायकलला टेकून उभे होते. तिकीट आहे का, त्यांनी विचारलं. नाही. करणारे कोण? शाळेचीच मुलं. बघणारे? पालक आणि शिक्षक. पुढचा प्रश्न यायच्या आत बाईंनी माफी मागून टाकली.

"माफी काऊन मागता, बाई?" ते म्हणाले. "शाळेच्या पोरायनं आपल्या मायबापासमोर, मास्तरायसमोर नाटक केलं, त माही परवानगी लागत नाई. कायद्यातच हाय तसं."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी दुरूनच हात हलवून मुख्याध्यापकांना खूण केली. मंडपात ऑर्गन वाजू लागला.

आता पहिल्या रांगेत चला, असा बाईंनी आग्रह धरला. मुखरूभाऊंनी नकारार्थी मान हलवून हेल्मेट उचललं, पण डोक्यात घातलं नाही. हे नाटक बारा वर्षांत एकाही नाटक कंपनीनं लावलं नव्हतं. व्हॉट्सॲपवर शाळेची पत्रिका दिसली आणि ते बत्तीस किलोमीटर गाडी हाणत आले होते. खरंच होतंय का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

"मी ना मास्तर, ना कोणाचा पालक," ते म्हणाले. "बाहेरचा माणूस बसला त कायदा मोडते. जिंदगीभर लोकायले मीच हे सांगत आलो."

नऊवारी दोन्ही हातांनी वर धरून करिश्मा केव्हाच तिथं येऊन उभी राहिली होती. पुस्तकावर नाव असलेला माणूस खरोखरचा असतो, चपला घालतो, याचंच तिला नवल वाटत होतं. तिनं सगळं ऐकलं. मग त्यांच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं.

"माहे मायबाप मिरच्या तोडाले तेलंगणात गेले," ती म्हणाली. "माह्या पालकाची जागा रिकामीच हाय. तुमी बसा."