तत्त्वज्ञान विभागाचं काय करायचं?

चिंचवडच्या त्या कॉलेजातला तत्त्वज्ञान विभाग बंद करून तिथं रोबोटिक्सची लॅब काढायची, हे मनाशी पक्कं करूनच संस्थेनं बैठक बोलावली होती. पण अध्यक्ष जयसिंगरावांना कारणं काही धड मांडता येईनात. "मॅडम, राग मानू नका, पण पोरंच न्हाईत हो," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत ते घाम पुसत राहिले.

भारतीय दर्शनं शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या विजयश्री मॅडम उठल्या आणि जयसिंगरावांची बाजू त्यांनीच मांडायला घेतली. शिफ्ट करून आलेली पोरं वर्गात पेंगतात. चाकणच्या एकाही कंपनीच्या गेटवर सांख्य किंवा वेदान्त कुणी विचारत नाही. मग आईबापांनी काय बघून पोरं इथं पाठवायची? एकेक मुद्दा असा बिनतोड, की शेजारी बसलेले मराठीचे सर न राहवून कुजबुजले, "अहो मॅडम, बास की आता!"

जयसिंगराव मात्र खुलले. "वा! तुमीच बोललात, लई बरं झालं. मिटला विषय. चहा सांगा रं कुणीतरी," म्हणत ते खुर्ची मागं सारून उठले.

"बसा, साहेब," मॅडम म्हणाल्या. "समोरच्याची बाजू आधी त्याच्यापेक्षा चांगली मांडायची, ही आमच्या शास्त्राची रीत आहे. ती मांडून झाली.

आता खोडायला घेते."