कलरमधला यू

मथळा काळाच राहिला.

पेंटरने पुन्हा एका बोटाने कळ दाबली. स्क्रीनवरचं पान क्षणभर पांढरं झालं आणि परत उमटलं. मथळा काळा.

मागे मालक उभे होते. हाताने पाट्या रंगवायचं काम बंद पडलं होतं. ऑफिसात आता नुसत्या वेबसाइट होत होत्या. मालकांनी पेंटरला सांगून ठेवलं होतं : वेबसाइटला रंगरूप देणारी ती सीएसएस भाषा शिकून घ्या, माझ्यासमोर एक मथळा काळ्याचा लाल करून दाखवा, खुर्ची तुमची. नाही जमलं तर उद्यापासून येऊ नका.

पेंटरची मुलगी इथेच कामाला होती, डावीकडच्या खुर्चीवर बसायची. शिकवलं तिनेच होतं. आज मात्र तिने तोंड उघडायचं नाही, असं ठरलं होतं.

"काका, जरा फुंकर मारा. ओला असेल अजून," उजवीकडचा ऑपरेटर म्हणाला. सगळे हसले. पेंटरही हसला.

त्याने ओळ पुन्हा वाचली. महिरपी कंस होते. दोन टिंबं होती. शेवटी अर्धविराम होता; तो तर मुलीने घरी रागावून रागावून अंगवळणी पाडला होता. लालचं स्पेलिंग बरोबर होतं. त्याने कळ दाबली. काळा.

मालक रागावले नाहीत. "असू दे, पेंटर," एवढंच म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

मुलगी खुर्चीसकट सरकत आली. तिने ओळीवर बोट ठेवलं.

"बाबा, कलरमध्ये यू घातलात."

"मग? कलरमध्ये यू असतोच. इथल्या रंगाच्या एकूण एक दुकानावर मीच काढलाय तो. त्याची खालची गोलाई साधेपर्यंत उस्तादांचा किती मार खाल्लाय!"

"इथे यू चालत नाही. ज्यांनी हे बनवलं ते अमेरिकन, ते यू लावत नाहीत. घरी तर बरोबर लिहायचात."

"घरी तुझं बघून लिहायचो. आज माझं लिहिलं."

पेंटर ओळीकडे बघत राहिला.

"पण चुकलं तर हा सांगत का नाही? उस्ताद बोटांवर ब्रशचा दांडा हाणायचे. ओरडायचे. कळायचं तरी."

"तो ओरडत नाही, बाबा. त्याला समजलं नाही की ती ओळ सोडतो आणि पुढे जातो."

पेंटरने यू काढला. कळ दाबली.

मथळा लाल झाला. एकदम, काठोकाठ, कुठे ओघळ नाही की डाग नाही. पेंटरने सवयीने दोन्ही हात पँटला पुसले.

केबिनचं दार उघडलं. मालक नव्या कामाचे कागद घेऊन खुर्च्यांच्या रांगेतून येऊ लागले. पेंटरने घाईघाईने स्क्रीन वळवून मालकांच्या वाटेकडे केला आणि ताठ बसला.

मालकांनी मुलीपुढे कागद ठेवला.

"मालक, बाबांचं झालंय. एकदा बघता का?"

"हं," मालक म्हणाले. ते हातातले कागद चाळत होते. पुढचा कागद त्यांनी पेंटरला ओलांडून ऑपरेटरपुढे ठेवला. त्यानंतरचा पलीकडच्या खुर्चीपुढे.

मुलगी उठायला लागली. पेंटरने तिचं मनगट धरून तिला बसवलं.

"बघ," तो हळूच म्हणाला, "ओरडले पण नाहीत." आणि एका बोटाने त्याने यू होता तिथे परत घातला.