शाखा

प्रवेश अर्जाची मुदत संध्याकाळी संपत होती आणि बापलेकीचं काही केल्या एकमत होत नव्हतं. लेकीला अग्निसुरक्षा अभियांत्रिकी हवी होती. बाबा आठवडाभर साध्या विज्ञानशाखेचंच घोडं पुढे दामटत होते.

"विज्ञान घेतलंस तर दहा वाटा मोकळ्या राहतील. त्या एवढ्याशा शाखेत शिरलीस आणि नाही जमलं, तर धड इकडची नाही की तिकडची नाही."

"मला दहा वाटा नकोतच, बाबा. आई ज्या आगीत गेली, त्या दिवशी शिलाई कारखान्याचं मागचं दार का उघडलं नाही, एवढंच मला शिकायचंय."

"धगीनं अडकलं. चौकशीत तसंच आलंय."

"आग लागल्यावर चार मिनिटांत लोखंडी दार अडकत नाही. कुणीतरी नीट बघायला नको?"

त्याच कारखान्यात तेव्हा बाबा मुकादम होते. माल चोरीला जातोय अशी मालकांची कुरकुर होती, म्हणून त्या सकाळी मागच्या दाराला बाहेरून कुलूप त्यांनीच घातलं होतं. आग विझल्यावर कुणी बघायच्या आत ते काढलंही त्यांनीच. त्याला नऊ वर्षं झाली.

"पालकांची सही राहिलीय," म्हणत लेकीनं दोन्ही अर्ज समोर ठेवले.

त्यांनी अग्निसुरक्षेचा अर्ज जवळ ओढला आणि सही केली. इतक्या वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. आता विचारणारी घरातच शिकून तयार होणार होती.