तीन बोटांचा फरक

"ज्याची चूक असंल, त्याने गावदेवीसमोर नाक घासायचं! सायेब असला तरी सोडायचा न्हाय!" पुंडलिक देवळाच्या पायरीवर उभा राहून गावसभेत ओरडला.

सगळ्यात जोरात टाळ्या काशीनाथने वाजवल्या. त्याच्याही भिंतीवर लाल फुली होती. खाडीकाठच्या तेवीस घरांवर तशा फुल्या होत्या. भरतीच्या ठरलेल्या पातळीपेक्षा ज्या घराचे जोते खाली, ते घर पाडायचे, असा सरकारी हुकूम होता. उपग्रहाच्या यंत्राने मोजणी झाली आणि पुंडलिकचे जोते दोन बोटे खाली निघाले.

पुंडलिकचे आयुष्य मिठागरात गेले होते. त्याने गवंड्याची, पातळी बघायची पाण्याची नळी आणली. मिठागराच्या जुन्या दगडी दारावर सरकारी उंचीची खूण कोरलेली होती. तिथून टप्प्याटप्प्याने, गावादेखत, त्याने नळी आपल्या उंबऱ्यापर्यंत आणली. जोते पातळीच्या एक बोट वर निघाले. मग बाकीची घरे मोजली. सगळीकडे दोन मोजण्यांतला फरक सारखाच, तीन बोटांचा. "पाणी खोटं बोलत न्हाय," म्हणत त्याने तक्रार दिली.

मोजणीचे कायमचे केंद्र पुंडलिकच्याच गच्चीवर होते. एका खांबावर थाळीएवढा अँटेना. आसपासची यंत्रे त्याच्या आधाराने मोजत. जुना अँटेना खाऱ्या वाऱ्याने खराब झाला, म्हणून दिवाळीच्या तोंडावर नवा बसवला होता. "लक्ष ठेवा, काका," एवढे सांगून माणसे गेली, आणि पुंडलिकने ते मनावर घेतले. पतंगवाल्या पोरांनाच काय, बायकोलाही तो गच्चीवर फिरकू देत नसे. दर दसऱ्याला कोयत्या-फावड्याबरोबर जुन्या अँटेनालाही तो झेंडूची माळ घालत आला होता.

"आमच्या अँटेनाचा दोष न्हाय," तो सगळ्यांना सांगे. "त्याला मी पोरासारखा जपतो. चूक हापिसात हाय."

"अँटेना जपा," त्याची बायको मंजुळा म्हणे. "माझा कपड्यांचा निळा टब दिवाळीपासून गायब हाय, तो नका शोधू."

तक्रारीवरून आलेला अभियंता कौस्तुभ सभेतच येऊन पोचला. त्याने पुंडलिकला बाजूला घेतले.

"काका, तुमची नळी बरोबर आहे. चूक आमच्याच मोजणीत आहे. जरा तुमच्या गच्चीवर जाऊया."

वर गेल्यावर कौस्तुभ बघतच राहिला. खांबावर निळा टब पालथा घातला होता. सुतळीने आवळून बांधलेला. वर मिठाचा पांढरा थर.

"हे कोणी घातलं?"

"मीच," पुंडलिक कौतुकाने म्हणाला. "कावळे बसतात. त्यात हा खारा वारा. नवी वस्तू, झाकून ठेवलेली बरी."

कौस्तुभ खाली बसला. "काका, हा अँटेना बसवायच्या आधी तपासतात, तो उघडा. आकाशातून आलेला संदेश त्याला कुठे, कसा पोचतो, त्याचा तक्ता बनवतात. वर टब घातला की संदेश अडखळतो आणि तक्ता खोटा ठरतो. केंद्राची उंची चुकते. मग त्याच्या भरवशावर मोजलेलं प्रत्येक घर चुकतं."

"किती चुकतं?"

"तीन बोटं."

पुंडलिकने कठड्यावरून खाली पाहिले. देवळासमोर तेवीस घरांची माणसे उन्हात वाट बघत उभी होती.

कौस्तुभने सुतळी सोडली. "नव्याने मोजू. फुल्या पुसल्या जातील, काळजी करू नका. अहवालात कारण लिहावं लागतं, तर मी पक्ष्याचं घरटं लिहितो. कोण विचारतंय?"

पुंडलिकने टब काखेत धरला आणि जिना उतरला.

"काय पुंडलिकदादा," काशीनाथ लांबूनच ओरडला, "गावला का तो चूक करणारा?"

पुंडलिकने तोंड उघडायच्या आत मंजुळा गर्दीतून पुढे आली. "अगो बाय, माझा टब! कोण होता तो मेला चोर?"

पुंडलिकने टब पायरीवर ठेवला, टोपी काढली आणि गावदेवीसमोर नाक घासले.