फक्त हौशींसाठी

अंधेरीच्या हर्षदने मढच्या किनाऱ्यावर गळाने मासे पकडायची स्पर्धा भरवली आणि नियम थेट परदेशातले उचलले. मासा पकडायचा, मोजायचा, त्याच्यासोबत फोटो काढायचा आणि हळुवार हाताने परत पाण्यात सोडायचा, कारण जेवणाला सुरमई थाळी हॉटेलातून येणारच होती. सगळ्यात कडक नियम पहिला होता: ज्याचं पोट मासेमारीवर चालतं त्याला प्रवेश नाही. नाहीतर मुलुंड-बोरिवलीहून गाडी काढून आलेल्या हौशी लोकांवर केवढा अन्याय.

नाव द्यायला पहिलाच आला तो गावातला निमेश. डोक्यावर लाल टोपी, कमरेला चौकड्यांचा रुमाल. हर्षदने आधी त्याच्यासोबत सेल्फी काढला आणि मग नियमावर बोट ठेवलं.

"सॉरी हां दादा, तुम्ही तर एकदम अस्सल कोळी. तुमचं पोट मासेमारीवरच चालतं ना?"

निमेशने वाळूत कलंडलेल्या आपल्या होडीकडे एकदा पाहिलं.

"नाही साहेब, दर्यात मासळी कुठे राहिलीय आता? पोट चालतं ते त्या समोरच्या बंगल्यातल्या सीरियलवर. तिथं मी कोळ्याचं काम करतो, ही टोपीपण त्यांचीच आहे."