खोक्यावरचं झाड

सत्यजित नॉर्थ कॅरोलिनातल्या ज्या फर्निचरच्या कारखान्यात इंजिनिअर होता, त्याच कारखान्याच्या नव्या खोक्यांसाठी गिरिजाने ओकचं झाड काढलं होतं. तीन आठवडे ती त्या चित्रावर खपत होती. पानांच्या शिरा लाकडातल्या रेषांसारख्या उतरल्या, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.

"नवा लोगो, नवी खोकी! म्हणजे कंपनीचं बरं चाललंय, गिरिजाबाई," पोळीचा तुकडा मोडत सत्यजित म्हणाला. "आता माझं ग्रीन कार्डही पुढे सरकवतील. मग मॉरिसव्हिलचं ते घर बघून येऊ."

"आधी झाड तर पास होऊ दे."

तेवढ्यात हेड ऑफिसची ईमेल आली. झाड सगळ्यांना फार आवडलं होतं. फक्त छपाईआधी त्याच्या खालची 'नॉर्थ कॅरोलिनात बनवलेले' ही ओळ काढून तिथे 'व्हिएतनाममध्ये बनवलेले' असं घालायचं होतं. एक जूनपासून सगळ्या मालावर.

"काय म्हणतायत?" सत्यजितने जागेवरूनच विचारलं.

गिरिजाला मान वळवून त्याच्याकडे बघवेना.

"आवडलं म्हणतात. एक ओळ तेवढी बदलायचीय."

"मग बदलून टाक की," तो म्हणाला. "आपल्यामुळे त्यांचं काम अडायला नको."