शेजारचं टेबल

प्रसूतीच्या खोलीत दोन टेबलांच्या मधे एक हिरवा पडदा होता. अलीकडे ऋतुजा, पहिलटकरीण. पलीकडे किनवटकडची शेवंता, तिसऱ्या खेपेची. दोघींनी एकमेकींचं तोंडही पाहिलं नव्हतं. सकाळपासून कळ आली की ऋतुजा ओरडायची आणि पडद्यामागून शेवंता सांगायची, “ओरडून ताकद घालवू नको बाई. दम धर अन् खाली जोर लाव.” तिच्याच सांगण्यावर ऋतुजा दुपारी बाळंत झाली.

“ताई, पोरगी झाली!” ती पडद्याकडं बघून म्हणाली.

पलीकडून नुसती धावपळ ऐकू आली. पडद्याखालून रक्ताचा ओघळ अलीकडे आला, तो दवाखान्यातल्या मावशीनं घाईघाईनं पुसून घेतला. मग स्ट्रेचरची चाकं करकरत बाहेर गेली.

“सिस्टर, त्या ताईला कुठं नेलं?”

“नांदेडला,” सिस्टर तिच्याकडं न बघताच म्हणाली. पण बाहेर गाडी चालू झाल्याचा आवाज काही आला नाही. थोड्या वेळानं व्हरांड्यातून एका म्हातारीचा हंबरडा तेवढा आला.

ऋतुजाला टाके घालणं चालूच होतं, तोवर पलीकडच्या टेबलावर दुसरी एक पोटुशी पोर आणून निजवली.

“ताई,” पडद्यामागून तिचा कापरा आवाज आला, “इथं आत्ताच कोणी होतं का? टेबल अजून गरम हाय.”

“हाव,” ऋतुजा कशीबशी म्हणाली. “मोकळी झाली ती.”